कसोटीच्या क्षणी हात आखडू नये

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा दाट अरण्याचा, तुरळक वस्तीचा आणि मुबलक पावसाचा मुलूख आहे. कानडीच्या जोडीने कोकणी आणि मराठीही तेथे कानांवर येते. काळी नदी या तालुक्यातून वाहते. तिच्यावर सुपा येथे धरण झाले, तेव्हा तालुक्याचे जुने ठाणे असलेले सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि कारभार जोयड्याला आला. त्या धरणातून खाली येणाऱ्या पाण्यावर गणेशगुडीच्या परिसरात रबरी होड्यांतून खळाळत्या प्रवाहात उतरण्याचा खेळ चालतो. होडीत पाच-सहा जण बसतात, प्रत्येकाच्या हाती एक वल्हे असते आणि मागे एक जाणता वाटाड्या असतो. पुढे फेसाळलेले पाणी दिसू लागले की नवशिक्याच्या मनात पहिली ऊर्मी उठते ती वल्हे वर उचलून होडीची दोरी घट्ट धरण्याची. बहुधा नेमक्या त्याच क्षणी वाटाड्या ओरडून सांगत असतो की, वल्हवा, थांबू नका. त्याच्या आज्ञेमागे साधा हिशेब असतो. होडीचा वेग प्रवाहाच्या वेगाहून काही तरी वेगळा असेल, तरच तिला दिशा देता येते. वल्ही थांबली की होडी पाण्याची होते, आणि ती कोठे जावी हे मग खडक ठरवितात.

काळी नदीच्या या पाण्याचा टेनिसशी काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध एवढाच की, ज्या क्षणी जपून राहावेसे वाटते त्याच क्षणी जपून राहणे सर्वांत घातक ठरते, अशा थोड्या गोष्टी जगात आहेत, आणि टेनिसचा सामना ही त्यांपैकी एक आहे. चांगले फटके अवगत असलेला तरुण खेळाडू सरावात मोकळेपणाने खेळतो. पहिल्या तीन-चार गेममध्येही त्याचा हात सैल असतो. परंतु गुणफलक पाच-पाच असा झाला, प्रतिस्पर्ध्याला गेम जिंकण्याची संधी आली, की तोच खेळाडू जणू दुसराच कोणी होतो. चेंडू मारण्याऐवजी तो चेंडू ढकलू लागतो. चूक आपल्या हातून न व्हावी, ती समोरच्याने करावी, एवढीच त्याची इच्छा उरते. पाहणारे म्हणतात, पोर गुणी आहे, पण छातीचा नाही. हा शेरा एकदा बसला की तो वर्षानुवर्षे चिकटून राहतो, आणि पुष्कळदा खेळाडूही त्याच्यावर विश्वास ठेवू लागतो.

हा शेरा खरा आहे काय, याचा येथे विचार करावयाचा आहे. धीटपणा हा रक्तातून येतो की अभ्यासातून, या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ मुलामुलींचे भवितव्य अवलंबून असते. तो रक्तातून येत असेल तर निवड करणाऱ्यांनी केवळ धीट मुले हेरावीत आणि बाकीच्यांना घरी पाठवावे. तो अभ्यासातून येत असेल तर घरी पाठविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

प्रथम दडपणाखाली शरीराचे नेमके काय होते ते पाहू. भीती वाटली की रॅकेटवरील मूठ आवळली जाते. मूठ आवळली की मनगट व कोपर ताठ होतात, आणि एरवी पूर्ण फिरणारा हात अर्ध्यावर थांबतो. पायही जड होतात. चेंडूकडे जाण्याऐवजी खेळाडू चेंडू येण्याची वाट पाहतो. परिणामी फटका आखूड पडतो, चेंडू कोर्टाच्या मध्यावर उंच उसळतो आणि प्रतिस्पर्ध्याला पुढे सरसावून हवा तेथे मारण्याची सवड मिळते. म्हणजे ज्याला आपण जपून खेळणे म्हणतो, त्याने धोका टळत नाही, तो केवळ एका फटक्याने पुढे ढकलला जातो. एवढेच की, गुण गेल्यावर खेळाडूला स्वतःचे समाधान करता येते की, मी चूक केली नाही, समोरच्याने उत्तम फटका मारला. भ्यालेल्या मनाला हे समाधान फार प्रिय असते.

दुसऱ्या सर्व्हिसमध्ये हा प्रकार सर्वांत स्पष्ट दिसतो. पहिली सर्व्हिस बाहेर गेली की दुसरी कोर्टात पडलीच पाहिजे, नाही तर दुहेरी चूक होऊन गुण जातो. घाबरलेला खेळाडू म्हणून हात मंद करतो. वस्तुतः दुसरी सर्व्हिस सुरक्षित होते ती हात मंद केल्याने नव्हे, तर चेंडूला अधिक फिरकी दिल्याने, आणि फिरकी देण्यास रॅकेट वेगानेच फिरवावी लागते. वेगाने फिरणारी रॅकेट चेंडूला घासून वर जाते, चेंडू जाळीवरून उंच जातो आणि फिरकीमुळे झपाट्याने खाली कोर्टात उतरतो. हात मंद केला तर फिरकीही जाते आणि उंचीही जाते, मग चेंडू जाळीत अडकतो किंवा इतका हळू जातो की प्रतिस्पर्धी त्यावर तुटून पडतो. सावधगिरी म्हणजे हात आखडणे नव्हे, हे टेनिसमध्ये असे पदार्थविज्ञानाच्या नियमानेच सिद्ध होते.

आपण समजतो तितका हा दोष काही थोड्या भित्र्या खेळाडूंपुरता मर्यादित नाही. डॅनिएल पासरमन या अर्थशास्त्रज्ञाने मोठ्या स्पर्धांतील गुणागुणांची तपासणी करून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुण जितका महत्त्वाचा, तितका खेळ कमी आक्रमक होतो, असे त्यात पुरुष आणि स्त्रिया या दोहोंच्या बाबतीत आढळले. जगातील अग्रगण्य खेळाडूंची ही कथा, तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा हात आखडला म्हणून त्याला नेभळट म्हणण्यात कसला न्याय? आखडणे हा मनुष्यस्वभाव आहे. न आखडणे ही शिकून घेतलेली गोष्ट आहे.

मात्र आक्रमक खेळणे म्हणजे डोळे मिटून जोराने मारणे, अशी समजूत करून घेतली तर ती जपून खेळण्याइतकीच घातक होईल. दडपणाखाली दोन प्रकारची माणसे चुकतात. एक चेंडू ढकलतो, दुसरा तो दडपणाचा क्षण लवकर संपावा म्हणून पहिल्याच चेंडूवर अशक्य फटका मारून मोकळा होतो. दुसऱ्याला लोक धाडसी म्हणतात, परंतु तोही पळतच असतो, त्याची पळण्याची दिशा तेवढी वेगळी असते. खरा आक्रमक खेळाडू जागा पाहून मारतो. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते आणि एकेरीसाठी २७ फूट रुंद. बाजूच्या रेषेला समांतर मारलेल्या फटक्यापेक्षा कर्णाच्या दिशेने मारलेल्या फटक्याला सुमारे साडेचार फूट अधिक अंतर मिळते. शिवाय जाळी खांबांपाशी साडेतीन फूट उंच असली तरी मध्यभागी ती तीनच फूट असते, आणि कर्णाने जाणारा चेंडू बहुधा या सखल भागावरून जातो. तेव्हा पूर्ण हाताने, फिरकी देऊन, कर्णाच्या दिशेने मारलेला खोल चेंडू हा एकाच वेळी आक्रमकही असतो आणि सुरक्षितही असतो. प्रतिस्पर्धी कोर्टाबाहेर ओढला गेला आणि त्याचा परतीचा चेंडू आखूड पडला, की मग पुढे जाऊन मोकळ्या जागेत मारावयाचे. जाणते शिक्षक शिकवितात ती आक्रमकता ही. तिच्यात संताप नसतो, क्रम असतो.

मराठी भाषकांना जवळचे वाटेल असे याचे उदाहरण म्हणजे ऋतुजा भोसले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे १९९६ साली तिचा जन्म झाला. पुढे अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाकडून ती खेळली. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे एकोणिसाव्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. मिश्र दुहेरीत तिचा जोडीदार होता रोहन बोपण्णा, वयाने तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, कर्नाटकातील कोडगूचा, आणि दुहेरीतील जगन्मान्य खेळाडू. पुरुष दुहेरीत बोपण्णाचे आव्हान त्या स्पर्धेत लवकरच संपले होते. त्यामुळे त्याच्यापुरती सुवर्णपदकाची आशा आता या मिश्र जोडीवरच उरली होती.

येथे मिश्र दुहेरीच्या खेळातील एक निर्दय गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोघांपैकी जो दुबळा वाटतो, त्याच्यावर चेंडूंचा मारा करणे हा या खेळाचा सर्वमान्य डावपेच आहे. एकीकडे नाणावलेला जोडीदार असला म्हणजे दुसरीवर बहुतेक चेंडू येणार, हे ठरलेलेच. पुरुषाची वेगवान सर्व्हिस तिला परतवावी लागते, आणि जाळीपाशी उभी राहिली तर अंगावर येणारे फटके झेलावे लागतात. एकेरीत हरलेल्याला केवळ स्वतःला उत्तर द्यावे लागते, येथे प्रत्येक चुकीनंतर शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या खेळाडूच्या डोळ्यांस डोळा द्यावा लागतो. अशा वेळी मागे सरकून, जोडीदाराला शक्य तेवढे खेळू द्यावे, आपल्या हातून काही बिघडू नये, असे वाटण्याचा मोह किती मोठा असेल याची कल्पना करावी. परंतु जो मागे सरकला त्याने अर्धे कोर्ट प्रतिपक्षाला दिले. दुहेरीत जाळीचा ताबा ज्याच्याकडे, सामना त्याच्याकडे.

३० सप्टेंबर २०२३ रोजी अंतिम सामना झाला. समोर चिनी तैपेईची लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ ही जोडी होती. पहिला सेट भारतीय जोडीने २-६ असा गमावला. दुसरा सेट तिने ६-३ असा जिंकला, आणि तिसऱ्या पूर्ण सेटऐवजी खेळविल्या जाणाऱ्या दहा गुणांच्या निर्णायक टायब्रेकमध्ये १०-४ असा विजय मिळविला. या टायब्रेकमध्ये पुढच्या गेममध्ये भरून काढू, असे म्हणण्यास वाव नसतो. पाच-सहा गुण गेले की आठवड्याभराची मेहनत गेली. अशा तुटपुंज्या अवधीत सहा गुणांच्या अंतराने विजय मिळतो, तो केवळ प्रतिपक्षाच्या चुकांची वाट पाहून मिळत नाही. त्या स्पर्धेत भारताला टेनिसमध्ये मिळालेले हे एकमेव सुवर्णपदक. पहिला सेट चार गेमच्या फरकाने गमावल्यानंतर जी जोडी अशी उभी राहते, तिच्यातील ज्येष्ठाच्या अनुभवाचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच झाले. परंतु दुहेरीचा सामना एकट्याच्या अनुभवावर जिंकता येत नाही. दुसरी बाजू ढासळली असती तर त्या अनुभवाला काठावर उभे राहून पाहण्याखेरीज काही करता आले नसते.

ऋतुजा त्या वेळी सत्तावीस वर्षांची होती, हेही विसरू नये. आपल्याकडे सोळाव्या वर्षी विजेतेपद न मिळालेल्या खेळाडूबद्दल निराशेचे उद्गार काढण्याची घाई होते. तिच्या पाठीशी वयोगटाच्या स्पर्धा, विद्यापीठाचे सामने आणि गावोगावच्या लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा, अशी दीर्घ उमेदवारी होती. हांगझोऊमधील तो तासाभराचा निर्धार अशा शेकडो अनाम सामन्यांतून घडत आलेला असतो.

आक्रमक खेळ शिकण्यासाठी काय मोजावे लागते, हे पीट सॅम्प्रस या अमेरिकन खेळाडूच्या बालपणावरून कळते. कोवळ्या वयात तो मागे राहून, दोन हातांच्या बॅकहँडने चिवटपणे चेंडू परतविणारा खेळाडू होता आणि त्या खेळावर तो जिंकतही होता. त्याचे शिक्षक पीट फिशर हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. त्यांनी चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला एका हाताचा बॅकहँड घ्यावयास लावला आणि सर्व्हिसनंतर जाळीकडे धावण्याचा खेळ शिकविला. परिणाम असा झाला की, काल ज्यांना तो हरवीत होता त्यांच्याकडून तो हरू लागला. कुठल्याही घरात अशा वेळी शिक्षक बदलण्याचा विचार झाला असता. परंतु त्या मुलाला पुढे काय व्हावयाचे आहे याचा विचार करून तो मार्ग धरून ठेवण्यात आला. १९९० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सॅम्प्रसने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली, आणि पुढे विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद सात वेळा मिळविले. तात्पर्य हे की, धीट खेळाची किंमत आधी पराभवांत चुकवावी लागते. ज्या मुलाला हरण्याची मुभा नाही, त्याला धीटपणाची शिकवणी घेता येणार नाही.

आणि ही किंमत चुकविल्यावरही यशाची हमी मिळत नाही. १९९३ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात याना नोवोत्ना ही स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिची होती आणि गेममध्ये ती ४०-३० अशी आघाडीवर होती. त्या क्षणी तिच्या हातून दुहेरी चूक झाली. तो गेम गेला, मागोमाग पुढचे चारही गेम गेले आणि सामनाही गेला. पारितोषिक समारंभात केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारी नोवोत्ना जगाने पाहिली. नोवोत्ना भित्रेपणाने खेळणारी नव्हती. सर्व्हिसपाठोपाठ जाळीकडे जाणे हाच तिचा खेळ होता. तिची आक्रमकता होती तशीच राहिली, त्या घटकेला सुटला तो तिच्यावरचा ताबा. विशेष हे की, त्या पराभवानंतर तिने आपला खेळ बचावाचा केला नाही. १९९७ साली ती पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि हरली. १९९८ साली पुन्हा आली आणि नाताली तोझियाला हरवून विजेती झाली. पाच वर्षे ती त्याच पद्धतीने खेळत राहिली. हांगझोऊच्या सुवर्णपदकाइतकीच ही पाच वर्षेही धैर्याची साक्ष देतात.

टेनिसच्या गणितातही या धैर्याला आधार आहे. रॉजर फेडरर याने २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांपुढे भाषण केले, तेव्हा स्वतःच्या कारकिर्दीतला एक हिशेब मांडला होता. त्याने एकेरीचे १,५२६ सामने खेळले, त्यांतील जवळजवळ ऐंशी टक्के जिंकले, पण गुण मात्र केवळ ५४ टक्केच जिंकले. म्हणजे जगातील सर्वश्रेष्ठांत गणला जाणारा खेळाडूही शंभरांतले शेहेचाळीस गुण गमावीत होता. ज्याला प्रत्येक गुण गमावण्याची धास्ती वाटते, त्याने हा आकडा मनाशी धरून ठेवावा. धीट फटका मारून गमावलेला एक गुण हा त्या शेहेचाळिसांतला एक. तो गेला म्हणून पद्धत चुकली असे होत नाही. उलट पद्धत योग्य असेल तर तिचे फळ शंभर गुणांच्या हिशेबात मिळते, एका गुणाच्या हिशेबात नव्हे.

मग या धैर्याचा अभ्यास कसा करावा? सरावाच्या कोर्टावर शेकडो चेंडू मारल्याने फटका सुधारतो, दडपण सोसण्याची ताकद वाढत नाही, कारण त्या चेंडूंना काही मोल नसते. म्हणून अनुभवी शिक्षक सरावातच मोल निर्माण करतात. गेम शून्यापासून न खेळविता ३०-४० पासून खेळवितात, म्हणजे प्रत्येक गुण निर्णायक होतो. टायब्रेक ४-५ पासून सुरू करतात. दोनऐवजी एकाच सर्व्हिसची परवानगी देतात, म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसचे भय नित्याच्या ओळखीचे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गुण संपल्यावर चेंडू आत पडला की बाहेर, हे न विचारता, निवड बरोबर होती काय, असे विचारतात. आखूड चेंडूवर पुढे जाऊन मारलेला फटका चार बोटे बाहेर गेला तर शाबासकी, आणि त्याच चेंडूवर मागे राहून ढकललेला चेंडू दैववशात गुण मिळवून गेला तर कानउघाडणी. मुलाच्या मनात हे माप एकदा ठसले, की सामन्यातही तो स्वतःला त्याच मापाने मोजू लागतो.

दोन गुणांच्या मधला वेळही याच अभ्यासाचा भाग आहे. मोठ्या स्पर्धांत एक गुण संपल्यापासून पुढची सर्व्हिस होईपर्यंत २५ सेकंद मिळतात. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो त्यापेक्षा हा मधला वेळ पुष्कळ अधिक असतो. भीती शिरते ती याच फटीतून. म्हणून खेळाडूला एक ठरलेला क्रम शिकविला जातो. गेलेल्या गुणाकडे पाठ फिरवावयाची, रॅकेट दुसऱ्या हाती घेऊन आवळलेली मूठ सैल करावयाची, दोन दीर्घ श्वास घ्यावयाचे आणि पुढच्या गुणात पहिला फटका कोठे मारावयाचा एवढेच ठरवावयाचे. निर्णय चेंडू येण्यापूर्वी झालेला असला म्हणजे चेंडू आल्यावर मनाला काकूं करण्यास जागा राहत नाही. खळाळत्या पाण्यातील वाटाड्याही पुढचा खडक दिसताच होडीची वाट मनाशी ठरवून मोकळा होतो. मधोमध पोहोचल्यावर विचार करण्यास तेथेही वेळ नसतो.

यानंतर प्रश्न राहतो तो संधीचा. धीटपणा अभ्यासाने येतो हे मान्य केले, की अभ्यासासाठी सामने लागतात हेही मान्य करावे लागते. श्रीरामपूरची ऋतुजा, आणि सानिया मिर्झासह २०१४ च्या आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळविणारी बार्शीची प्रार्थना ठोंबरे, या दोघी तालुक्याच्या गावांतून आल्या, ही उमेद देणारी गोष्ट आहे. परंतु जोयड्यासारख्या तालुक्यातून असे नाव पुढे यावयाचे तर वाट कितीतरी लांब आहे. वस्त्या अरण्यात विखुरलेल्या, पावसाळा प्रदीर्घ, आणि कसाचे सामने मिळावयाचे ते धारवाड, हुबळी किंवा बेळगावसारख्या दूरच्या शहरांत.

या भागाने एक धडा पूर्वी पाहिलेला आहे. उत्तर कन्नडच्या जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आदी तालुक्यांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक पिढ्यानुपिढ्या राहतात. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्यांच्या मुलामुलींसाठी एक विशेष योजना काढली. मुले निवडून वसतिगृहांत आणली गेली, त्यांना शिक्षक मिळाले, पायांत बूट आले, समोर स्पर्धा आल्या. कमला बाबू सिद्दी हिच्यासारख्या धावपटूंनी मोठ्या मैदानांवर नाव मिळविले. परंतु १९९३ साली ही योजना बंद झाली आणि कित्येक मुले अर्ध्या वाटेवरून गावी परतली. योजना आखताना असा समज होता की या मुलांच्या अंगी उपजतच खेळाचे सामर्थ्य आहे. समज खरा असो वा खोटा, त्यात एक धोका असतो. गुण उपजत आहे असे एकदा ठरविले की तो जोपासण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, आणि फळ लवकर दिसले नाही तर दोष त्या मुलांच्याच माथी मारला जातो. दडपण सोसण्याची ताकद सहा वर्षांच्या योजनेत पूर्ण पिकत नाही. सॅम्प्रसलाही हरण्यासाठी काही वर्षे मिळाली, नोवोत्नाला पाच मिळाली, ऋतुजाला दशकाहून अधिक मिळाली. अरण्यातील मुलांना मात्र तितकी वर्षे देण्यात आली नाहीत.

तेव्हा घरातील आईवडिलांनी, शाळेतील शिक्षकांनी आणि निवड समित्यांतील जाणत्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कसोटीच्या क्षणी ज्याचा हात आखडतो, तो मुलगा वा ती मुलगी अपात्र नव्हे, अजून शिकत आहे. त्याला अधिक सामने द्यावेत, हरल्यावर किती गुणांनी हरलास असे न विचारता कोणता फटका मारावयाचे ठरविले होतेस असे विचारावे, आणि ठरविलेला फटका मारून तो हरला असेल तर त्या संध्याकाळी त्याच्या पाठीवर हात ठेवावा. तो हात मिळालेली मुले पुढच्या सामन्यात चेंडू ढकलीत नाहीत. जी मुले घरच्या रागाला भिऊन खेळतात, त्यांना जाळीपलीकडच्या प्रतिस्पर्ध्याला भिण्यास वेगळे कारण लागत नाही.